आशाभंगाचे वर्ष : १९१९

पॅरिसपासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर व्हर्साय येथे फ्रेंच राजांचा जो विस्तीर्ण प्रासाद आहे, त्यातील एक लांबलचक दालन आरसेमहाल म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या एका अंगास उद्यानाकडे उघडणाऱ्या सतरा उंच कमानदार खिडक्या असून समोरच्या भिंतीवर आरशांनी मढविलेल्या तितक्याच कमानी आहेत. १८ जानेवारी १८७१ रोजी, फ्रान्सचा पराभव झालेला असताना आणि पॅरिसला वेढा पडलेला असताना, याच दालनात प्रशियाच्या राजास जर्मनीचा सम्राट म्हणून घोषित करण्यात आले. जर्मन साम्राज्याची घोषणा जर्मन भूमीवर न होता शत्रूच्या राजवाड्यात व्हावी, यामागे विजेत्यांची छावणी तेथे होती हे कारण होतेच. परंतु फ्रेंचांच्या मनात जो अर्थ ठसला तो वेगळाच होता. पुढे अठ्ठेचाळीस वर्षांनी पारडे फिरले. पॅरिसची शांतता परिषद भरली ती १८ जानेवारी १९१९ रोजी, म्हणजे नेमक्या त्याच दिवशी. आणि तहावर सह्या झाल्या त्या त्याच दालनात, २८ जून रोजी, सारायेव्हो येथील हत्येस बरोबर पाच वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमान्सो यांनी युद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या पाच सैनिकांना मुद्दाम बोलावून दालनात उभे केले होते. सही करण्यासाठी आलेले दोघे जर्मन मंत्री त्यांच्या समोरून गेले.

राजकारणाच्या पाठ्यपुस्तकांत तहांची कलमे दिलेली असतात. जागा, तारीख आणि समोर उभे असलेले चेहरे यांचा उल्लेख क्वचितच येतो. राज्ये आपापले हितसंबंध पाहून वागतात, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे, आणि ती चुकीची आहे असेही नाही. तथापि ती अपुरी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ याने अथेन्सच्या वकिलांच्या तोंडी साम्राज्य राखण्याची जी तीन कारणे घातली आहेत, त्यांत लाभाबरोबर भीती आणि मानसन्मान यांचीही गणना आहे. तिहींपैकी दोन कारणे भावनेची आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

अर्थात राष्ट्राला मन असते असे म्हणणे हा एक अलंकार झाला. भावना होते ती माणसाला. परंतु एकाच वेळी, एकाच बातमीने, एकमेकांना कधीही न पाहिलेल्या लक्षावधी माणसांना एकच गोष्ट जाणवू लागली आणि आपल्याप्रमाणेच इतरांनाही ती जाणवत आहे हे त्या प्रत्येकास ठाऊक झाले, म्हणजे त्या भावनेस एक वेगळेच सामर्थ्य येते. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र, स्वस्त वृत्तपत्र आणि सक्तीचे शिक्षण या तीन गोष्टींनी हे शक्य केले. १८७१ मध्ये आल्सेस आणि लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला, त्यानंतर पॅरिसच्या काँकोर्द चौकातील स्ट्रासबुर्ग नगरीचा पुतळा जवळजवळ अर्धशतक काळ्या वस्त्रांनी आणि पुष्पचक्रांनी झाकलेला असे. भारतातील अनेक विद्यार्थ्यांनी इंग्रजी पाठ्यपुस्तकात वाचलेली आल्फाँस दोदे यांची शेवटच्या धड्याची कथा १८७३ च्या सुमाराची, याच दुःखातून जन्मलेली. जर्मनीने लादलेली पाच अब्ज फ्रँकांची खंडणी फ्रान्सने दोन-अडीच वर्षांतच, मुदतीपूर्वी, फेडून टाकली. पैशाचे ओझे गेले. पुतळ्यावरचे काळे वस्त्र राहिले. १९१४ चे युद्ध केवळ त्या वस्त्रामुळे पेटले असे कोणीही जाणता म्हणणार नाही, परंतु मधल्या सर्व वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी यांचा मनःपूर्वक समेट घडवून आणणे कोणाही फ्रेंच मुत्सद्द्यास शक्य झाले नाही, ते बऱ्याच अंशी त्यामुळेच.

अपमान मात्र एकाएकी उत्पन्न होत नाही. ज्याने काही अपेक्षिलेच नव्हते त्याला नकार मिळाला तर तो निराशही होत नाही. अपमान वाटतो तो आपल्याला समान मानले जाईल अशी आशा बाळगणाऱ्याला. १९१९ हे वर्ष या दृष्टीने इतिहासात जवळजवळ प्रयोगशाळेसारखे आहे. त्या वर्षी एकाच माणसाच्या शब्दांवर जगाच्या निरनिराळ्या खंडांतील लोकांनी आशा बांधली आणि ती आशा काही आठवड्यांच्या अंतराने सर्वत्र भंगली.

तो माणूस म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन. ८ जानेवारी १९१८ रोजी त्यांनी आपली प्रसिद्ध चौदा कलमे मांडली आणि पुढच्याच महिन्यातील एका भाषणात स्वयंनिर्णय हा शब्द उच्चारला. त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने युरोपातील पोल, चेक यांसारखे लोक होते. परंतु शब्द एकदा तारेवर चढला, म्हणजे तो कोणासाठी उच्चारला गेला हे विचारीत बसत नाही. अमेरिकेने युद्धप्रचारासाठी स्थापन केलेल्या खात्याने विल्सन यांची भाषणे दूरदूरच्या देशांत भाषांतरित करून पोचविली. चीनमध्ये ती पुस्तकरूपाने विकली गेली. विल्सन यांचे स्वतःचे परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी मात्र १९१८ च्या अखेरीस आपल्या दैनंदिनीत भीती नोंदवून ठेवली होती की, या शब्दात स्फोटक दारू भरलेली आहे आणि त्यातून कधीही पुऱ्या न होणाऱ्या आशा जागृत होतील.

सर्वांत आधी स्फोट झाला तो पूर्वेकडे, कोरियात. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला होता. जानेवारी १९१९ मध्ये पदच्युत सम्राट कोजाँग मरण पावला. त्याला विष घातले अशी अफवा देशभर पसरली आणि अंत्ययात्रेसाठी राजधानीत माणसांचे लोंढे येऊ लागले. त्या गर्दीचा मुहूर्त साधून १ मार्च रोजी तेहतीस जणांच्या सह्यांची स्वातंत्र्याची घोषणा प्रसिद्ध करण्यात आली. सह्या करणाऱ्यांत ख्रिस्ती होते, बौद्ध होते आणि चाँदोग्यो या देशी धर्मपंथाचे अनुयायी होते. एका उपाहारगृहात घोषणा वाचून त्यांनी स्वतःच पोलिसांना वर्दी दिली आणि शांतपणे अटक करून घेतली. इकडे पॅगोडा उद्यानात विद्यार्थ्यांनी तीच घोषणा जमावापुढे वाचली आणि पाहता पाहता निःशस्त्र मिरवणुकांचे लोण देशभर पोचले. जपानी सत्तेने हे आंदोलन अत्यंत निर्दयपणे चिरडले. पॅरिसला गेलेले कोरियन प्रतिनिधी किम क्यू-सिक यांना परिषदेच्या दारातून आत पाऊल टाकता आले नाही.

त्याच महिन्यात ईजिप्त उठला. युद्धविराम होऊन दोनच दिवस झाले असताना, १३ नोव्हेंबर १९१८ रोजी, साद झगलूल यांनी दोन सहकाऱ्यांसह ब्रिटिश उच्चायुक्तांची भेट घेऊन स्वातंत्र्याची मागणी केली होती. त्यांना पॅरिसला जाऊ देण्याऐवजी मार्च १९१९ मध्ये पकडून माल्टा बेटावर धाडण्यात आले. त्यासरशी विद्यार्थी, वकील, रेल्वे कामगार आणि शेतकरी रस्त्यावर आले. १६ मार्च रोजी कैरोतील बुरखाधारी स्त्रियांनी मिरवणूक काढली, ही त्या समाजात अपूर्व घटना होती. शेवटी झगलूल यांची सुटका झाली आणि ते युरोपकडे निघाले. परंतु एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेनेच ईजिप्तवरील ब्रिटिश संरक्षणाधिकारास मान्यता देऊन टाकली होती. ज्याच्या दारी न्याय मागावयाचा त्यानेच निकाल आधी लिहून ठेवलेला होता.

भारताची स्थिती काहीशी चमत्कारिक होती. परिषदेत भारताला स्वतंत्र आसन होते आणि तहावर भारतातर्फे सह्याही झाल्या. परंतु त्या केल्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने प्रतिनिधी म्हणून टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचविली होती. टिळक त्या वेळी चिरोल यांच्यावरील खटल्याच्या निमित्ताने लंडनमध्येच होते. पॅरिसला जाण्याची अनुज्ञा त्यांना मिळाली नाही. त्यांनी विल्सन यांना पत्र पाठविले. अध्यक्षांच्या सचिवाकडून सौजन्यपूर्ण उत्तर आले आणि त्याचा आशय इतकाच होता की, योग्य वेळी योग्य अधिकारी या प्रश्नाचा विचार करतील. मायदेशी मार्चमध्ये रौलट कायदा संमत झाला आणि १३ एप्रिल रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. सरकारी आकड्यानुसारच त्यात ३७९ माणसे मृत्युमुखी पडली. युद्धात दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी पाठविणाऱ्या देशाच्या पदरी हे फळ पडावे, यातील दंश गोळ्यांइतकाच खोल होता. या घटनेपूर्वी साम्राज्यांतर्गत स्वराज्यावर समाधान मानण्यास तयार असलेली कितीतरी माणसे त्यानंतर तशी राहिली नाहीत.

परंतु आशेकडून अपमानाकडे आणि अपमानाकडून नव्या राजकारणाकडे जाणारी वाट सर्वांत स्पष्ट दिसते ती चीनमध्ये, म्हणून तिकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. चीनने १९१७ मध्ये दोस्तांच्या बाजूने युद्धात प्रवेश केला होता आणि सुमारे एक लाख चाळीस हजार चिनी मजूर फ्रान्समध्ये खंदक खणीत, दारूगोळा वाहत होते. मोबदल्यात चीनची मुख्य अपेक्षा एकच होती. शांटुंग प्रांतातील किआवचौ उपसागर जर्मनीने १८९७ मध्ये बळकावला होता आणि १९१४ मध्ये तो जपानने जर्मनांकडून जिंकून घेतला होता. तो आता मूळ मालकास परत मिळावा. कन्फ्यूशियसची जन्मभूमी असलेला हा प्रांत चिनी मनास किती जिव्हाळ्याचा, हे वेगळे सांगावयास नको.

युद्धसमाप्तीच्या वेळी पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) उत्सवाचे वातावरण होते. १९०० च्या बॉक्सर बंडात मारल्या गेलेल्या जर्मन वकिलाच्या स्मरणार्थ चीनला भर रस्त्यात एक कमान उभारणे भाग पडले होते आणि तिच्यावर सम्राटाची दिलगिरी कोरलेली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ती कमान पाडण्यात आली आणि पुढे तेच दगड एका उद्यानात नेऊन त्यांवर बळावर न्यायाचा विजय झाला अशा अर्थाची अक्षरे कोरण्यात आली. दगड तोच, लेख मात्र उलटा. पॅरिसमध्ये वेलिंग्टन कू या चिनी मुत्सद्द्याने २८ जानेवारी १९१९ रोजी चीनची बाजू इतक्या प्रभावीपणे मांडली की, विरोधकांनीही त्यास दाद दिली.

प्रश्न मात्र आधीच विकला गेलेला होता. ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांनी १९१७ मध्ये जपानला गुप्त वचने दिली होती. इतकेच नव्हे, तर खुद्द पेकिंगच्या सरकारने कर्जाच्या मोबदल्यात १९१८ मध्ये जपानच्या मागण्यांना संमती दर्शविणारा पत्रव्यवहार केला होता. ३० एप्रिल रोजी शांटुंगमधील जर्मनीचे हक्क जपानला देण्याचा निर्णय झाला. ४ मे रोजी सुमारे तीन हजार विद्यार्थी पेकिंगमधील तिएनआनमेन चौकात जमले. तेथून ते प्रथम गेले ते परकीय वकिलातींच्या वस्तीकडे, अमेरिकन वकिलास निवेदन देण्यासाठी. म्हणजे त्या क्षणापर्यंतही आशेचा धागा पुरता तुटलेला नव्हता. दिवस रविवारचा होता आणि वकील महाशय बाहेरगावी गेलेले होते. पोलिसांनी वस्तीत शिरू दिले नाही, तेव्हा तो मोर्चा जपानधार्जिण्या समजल्या जाणाऱ्या मंत्र्याच्या घराकडे वळला आणि ते घर पेटले. पुढे जपानी मालावर बहिष्कार पडला. जूनमध्ये शांघायचे व्यापारी आणि कामगार संपावर गेले. तीन अधिकाऱ्यांना पदच्युत करावे लागले. आणि २८ जून रोजी आरसेमहालात चिनी प्रतिनिधींच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

शांटुंगचा प्रश्न १९२२ मध्ये, वॉशिंग्टन परिषदेच्या वेळी झालेल्या करारान्वये, बऱ्याच अंशी सुटला. म्हणजे हितसंबंधांचा हिशेब तीन वर्षांत मिटला असे म्हणता येईल. परंतु ४ मे रोजी जे घडले ते मिटले नाही. पाश्चात्त्य उदारमतवादावर विश्वास ठेवणाऱ्या चिनी तरुणांपैकी पुष्कळ जण दुसरा मार्ग शोधू लागले आणि त्याच सुमारास रशियातील नव्या सत्तेने झारशाहीचे असमान करार सोडून देण्याची भाषा सुरू केली. जुलै १९२१ मध्ये चिनी साम्यवादी पक्षाची स्थापना झाली. तिचे दोन्ही अध्वर्यू, छेन तू-श्यू आणि ली ता-चाव, ४ मेच्या चळवळीशी निगडित होते. पॅरिसमध्येच, त्याच जूनमध्ये, न्युएन आय क्वाक या नावाने व्हिएतनामींच्या आठ मागण्यांचे निवेदन परिषदेकडे गेले आणि दुर्लक्षित राहिले. ते नाव धारण करणारा तरुण पुढे हो चि मिन्ह म्हणून जगाला ठाऊक झाला.

आणि ज्या जपानने हे सर्व मिळविले, तो तरी समाधानी होता काय? राष्ट्रसंघाच्या घटनेत सर्व वंशांच्या समानतेचे तत्त्व घालावे, असा प्रस्ताव बॅरन माकिनो यांनी मांडला होता. ११ एप्रिल रोजी सतरांपैकी अकरा मते त्याच्या बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. अशा प्रश्नावर एकमत आवश्यक आहे, असे सांगून त्यांनी प्रस्ताव फेटाळला. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांचा या प्रस्तावास कडवा विरोध होता, आणि आपल्याच देशातील मतदारांची भीती विल्सन यांनाही होती. कोरियात निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडणारे राष्ट्र पॅरिसमध्ये वंशसमतेची मागणी करीत होते, ही विसंगती उघड आहे. परंतु मागणी नाकारल्याचे शल्य त्यामुळे खोटे ठरत नाही. १९२४ मध्ये अमेरिकेने कायदा करून जपानी लोकांचे आगमन बंद केले, तेव्हा त्या शल्यावर मीठ पडले. दुसऱ्याचा अपमान करणारा स्वतःच्या अपमानाविषयी कमी हळवा असतो, असा अनुभव इतिहासात येत नाही.

आता पुन्हा जर्मनीकडे. तहाने जर्मनीचा सुमारे तेरा टक्के प्रदेश गेला; १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची नुकसानभरपाई ठरविण्यात आली. हा तह अतिशय कठोर होता असे जॉन मेनार्ड केन्स यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले, आणि ते मत जगभर रूढ झाले. परंतु जर्मनीनेच मार्च १९१८ मध्ये रशियावर लादलेला ब्रेस्त-लितोव्हस्कचा तह याहून कितीतरी अधिक कठोर होता. मग जर्मन माणसाला इतके असह्य काय वाटले? तर पराभव त्याने डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. युद्ध संपले तेव्हा जर्मन फौजा अजून परकीय भूमीवर उभ्या होत्या. डिसेंबर १९१८ मध्ये परतलेल्या सैनिकांचे बर्लिनमध्ये स्वागत करताना समाजवादी नेते एबर्ट यांनीही त्यांना अपराजित म्हणून गौरविले. विल्सन यांच्या कलमांच्या आधारे बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी होतील असे लोकांनी गृहीत धरले होते. मे महिन्यात त्यांच्या प्रतिनिधींच्या हाती तयार मसुदा पडला आणि तोंडी चर्चेला वाव ठेवण्यात आला नाही. अपेक्षा आणि प्राप्ती यांमधील ते अंतर २३१ व्या कलमाने भरून काढले. युद्धाने झालेल्या हानीची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रांवर टाकणारे ते कलम नुकसानभरपाईचा कायदेशीर पाया म्हणून घातलेले होते; पण जर्मन जनतेने ते नैतिक दोषारोप म्हणून वाचले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अपमानातून हिटलर जन्मला, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते सिद्धच झाले आहे असे वाटावे. परंतु मे १९२८ च्या निवडणुकीत, म्हणजे तहानंतर नऊ वर्षांनी, नाझी पक्षास मिळालेली मते होती २.६ टक्के. जुलै १९३२ मध्ये ती ३७ टक्क्यांवर गेली. मधल्या काळात तह अधिक कठोर झाला नव्हता. उलट नुकसानभरपाईचा बोजा हलका होत आला होता. बदलले होते ते एवढेच की, लक्षावधी माणसांचा रोजगार गेला होता. आपल्या हालांचे कारण शोधणाऱ्या माणसाच्या हाती जुना अपमान आयता सापडतो, आणि तो त्याच्या हाती ठेवणारा कोणीतरी वक्ता तयारच असतो. भावना ही राखेखालच्या निखाऱ्यासारखी असते खरी. परंतु फुंकर घालणारा आणि सरपण दोन्ही लागतात. २२ जून १९४० रोजी हिटलरने फ्रान्सला शरणागतीच्या करारावर सही करावयास लावली ती कोंपिएन्यच्या जंगलात, १९१८ मध्ये जर्मनांनी जेथे सही केली होती त्याच रेल्वेच्या डब्यात. त्यासाठी संग्रहालयाची भिंत फोडून तो डबा बाहेर काढण्यात आला.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा समेट सद्भावनेनेच घडला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. सोव्हिएत संघाची भीती हे त्यामागचे मोठे कारण होते. एका भावनेने दुसरीस मागे सारले, एवढेच. तरीही पूर्वीची चूक लक्षात ठेवून काही गोष्टी जाणीवपूर्वक करण्यात आल्या. १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद यांचे उत्पादन सामायिक नियंत्रणाखाली आणण्याचा करार झाला. १९५३ मध्ये लंडन येथे पश्चिम जर्मनीचे परदेशी कर्ज सुमारे निम्म्याने कमी करण्यात आले. जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्यात मैत्रीचा करार झाला आणि त्यात शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीस महत्त्वाचे स्थान होते. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सा येथील ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. स्वतः ब्रांट हे नाझींच्या छळामुळे देशत्याग करावा लागलेले गृहस्थ. त्यांच्या माथी कोणताच वैयक्तिक दोष नव्हता. त्या वेळी घेतलेल्या एका जनमत चाचणीत ४८ टक्के पश्चिम जर्मनांना ही कृती अतिरेकी वाटली आणि ४१ टक्क्यांना योग्य वाटली. म्हणजे नेता जनतेच्या भावनेमागून चालत नव्हता, तो तिच्या थोडा पुढे गेला होता.

पूर्व आशियात असा क्षण आला नाही असे नाही. जपानी नेत्यांनी दिलगिरी अनेकदा व्यक्त केली. परंतु दिलगिरीमागून तिला छेद देणारी एखादी पाठ्यपुस्तकातील ओळ, किंवा यासुकुनी देवस्थानास दिलेली एखादी भेट येत राहिली. शिवाय राष्ट्रीय मानहानीची आठवण जागती ठेवणे चीनमधील सत्तेस सोयीचेही होते. माओ त्से-तुंगच्या काळात भर होता तो क्रांतीच्या विजयावर. १९८९ नंतर, विशेषतः १९९० च्या दशकातील देशभक्तिपर शिक्षणाच्या मोहिमेत, अफूच्या युद्धापासूनच्या शंभर वर्षांच्या अपमानास शालेय पुस्तकांत आणि संग्रहालयांत मध्यवर्ती स्थान मिळाले. ही आठवण खोटी नव्हे. परंतु कोणती खरी आठवण केव्हा काढावयाची, हा निर्णय नेहमी राजकीय असतो.

३ ऑक्टोबर २०१० रोजी जर्मनीने पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईसाठी काढलेल्या रोख्यांवरील शेवटचा हप्ता चुकता केला. व्हर्सायच्या तहाचा आर्थिक व्यवहार अशा रीतीने एक्क्याण्णव वर्षांनी संपला. तो दिवस जर्मन एकीकरणाच्या विसाव्या वर्धापनदिनाचा होता. समारंभ झाले ते त्याचे, आणि हप्त्याची बातमी वृत्तपत्रांनी कुतूहलाचा विषय म्हणून छापली. ईशान्य चीनमधील शन्यांग शहरात मात्र दरवर्षी १८ सप्टेंबर रोजी, १९३१ मध्ये जपानने मांचुरियावर सुरू केलेल्या आक्रमणाच्या स्मृतिदिनी, भोंगे वाजतात आणि रस्त्यावरील मोटारी जागच्या जागी थांबतात.